पोलिसाच्या खाजगी पिस्तुलाची चौकशी कोणी करायची?

सातपुड्याच्या पायथ्याला, अनेर नदीच्या काठावर उमर्टी नावाची दोन गावं आहेत. अलीकडची जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, पलीकडची मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात. पलीकडच्या उमर्टीचं नाव खानदेशातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात काढा, पुढचा शब्द ठरलेला असतो: गावठी कट्टा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे आरोपी धरायला गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर जमाव चालून आला आणि एका पोलिसाला पकडून ठेवण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याचे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन गेले आणि तिथल्या भट्ट्या मोडून आले. म्हणजे उमर्टीचा माल पुण्यापर्यंत पोचतो. वाटेवरच्या चोपडा, शिरपूर, अमळनेर, भुसावळचं काय होत असेल ते सांगायला नको.

अशा मुलखात नोकरी करणारा हवालदार म्हणतो, वाळूच्या डंपरमागे पळायचं मी, कट्टेवाल्यावर झडप घालायची मी, आणि ड्युटी संपली की हत्यार जमा करून मोटारसायकलवर अंधारातून रिकाम्या हाताने घरी जायचं तेही मीच. मग स्वतःच्या पैशाने पिस्तूल घ्यायचं म्हटलं तर मला परवान्याच्या रांगेत का उभं करता? ओळखपत्र बघा आणि द्या. ही मागणी लेखी निवेदनात कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त ऐकू येते. ती ऐकल्यावर बहुतेकांना पटतेही. बंदूक चालवायचं शिक्षण सरकारनेच दिलेल्या माणसाची पुन्हा चौकशी कशाला, असं कोणालाही वाटेल.

मला ती पटत नाही. पोलिसाला परवान्यात कसलीही सूट नको, उलट त्याच्या अर्जाची चौकशी पोलीस खात्याबाहेरच्या माणसाने करावी, असं माझं मत आहे. आणि ज्या धोक्यापायी तो पिस्तूल मागतो तो धोका नोकरीतून आलेला असेल, तर त्याच्यासाठी पोलिसाने खिशात हात घालायचं कारणच नाही. ते हत्यार सरकारने द्यावं.

आधी कायद्याचं बघू, कारण खुद्द खात्यातही याबाबत गोंधळ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ सरकारी नोकराला सूट देतं, पण ती कर्तव्य म्हणून बाळगलेल्या हत्यारापुरती. सरकारी पिस्तूल कमरेला लावायला पोलिसाला परवाना लागत नाही तो या कलमामुळे. तोच पोलीस दुकानातून स्वतःसाठी रिव्हॉल्व्हर घेतो तेव्हा कायद्याच्या लेखी तो आणि रावेरचा केळीवाला शेतकरी सारखेच. कलम ३ प्रमाणे परवाना दोघांनाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या परवान्याच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तीही दोघांना लागू. विनापरवाना बंदूक सापडली तर शिक्षेची कलमंही तीच. २०१६ च्या शस्त्र नियमांत, परवान्यासाठी कोणाच्या अर्जाचा विचार करता येईल हे सांगताना सैन्यात, केंद्रीय दलांत किंवा राज्य पोलिसांत नोकरी करणाऱ्यांचा आणि केलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे. पण जीव वा मालमत्ता राखण्याची खरी गरज दाखवा, ही अट त्यांनाही चुकलेली नाही. खाकीमुळे अर्ज विचारात घेतला जातो, आपोआप मंजूर होत नाही.

शिवाय पोलीस हा शासकीय कर्मचारी. वर्तणूक नियमांप्रमाणे ठरावीक रकमेच्या वरची वस्तू घेतली की खात्याला कळवावं लागतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ ची रिव्हॉल्व्हर काही भाजीच्या भावात येत नाही.

कागदावर हे सगळं बरोबर आहे. गडबड होते ती कागद फिरायला लागला की. मुंबई, पुणे, नाशिक या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे आणि तिथे परवाना पोलीस आयुक्तच देतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आयुक्तालय नाही, त्यामुळे आपल्याकडे परवाना द्यायचा तो जिल्हाधिकाऱ्यांनी, जिल्हादंडाधिकारी म्हणून. हे आपलं नशीबच म्हणायचं, कारण निदान सही करणारा तरी पोलीस नसतो. पण सहीच्या आधीचा प्रवास बघा. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बारनिशीतून (आलेले कागद नोंदवतात तिथून) गृह शाखेत जातो, तिथून पोलीस अधीक्षक कार्यालयात, तिथून अर्जदाराच्या पोलीस ठाण्यात. कलम १३ प्रमाणे जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल मागवणं बंधनकारक आहे. ठाण्यातून गोपनीयचा अंमलदार अर्जदाराच्या घरी जातो, घर बघतो, हत्यार कुठे ठेवणार ते विचारतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेतो, गुन्ह्यांची नोंद तपासतो आणि शेवटी ‘परवाना देण्यास हरकत नाही’ किंवा ‘आहे’ असं लिहितो.

शेतकऱ्याच्या बाबतीत या व्यवस्थेला अर्थ आहे. बांधावरून भावकीशी वाद चालू असला, दारू पिऊन दंगा केल्याची तक्रार असली, तर ती गावात कोणाला तरी ठाऊक असते आणि जबाबात नाही तरी कानावर येते. पोलिसाच्या बाबतीत काय होतं? तो राहतो पोलीस लाईनीत. शेजारी कोण? पोलीस. जबाब कोणाचा? पोलिसाच्या बायकोचा किंवा भावाचा, ज्यांना उद्या त्याच लाईनीत त्याच नळावर पाणी भरायचंय. चौकशीला येणारा कोण? ज्याच्यासोबत त्याने गणपतीचा बंदोबस्त केला आणि रात्रीची गस्त घातली तो. अहवालावर सही कोणाची? ज्यांच्या हाताखाली तो काम करतो त्या पीआय साहेबांची, आणि साहेबांना ठाणं चालवायला हीच माणसं लागतात. यात लाचलुचपत असायची गरज नाही. कोणी कोणाला फोनसुद्धा करायची गरज नाही. माणसं एकमेकांच्या आड येत नाहीत, एवढ्यावर काम भागतं. त्या अंमलदाराला खासगीत विचारलं तर तोही सांगेल की अमका रात्री घरी गेला की भांडी आपटल्याचा आवाज येतो. पण हे तो लिहिणार कुठे? अहवालात ‘भांडी’ असा रकाना नसतो.

ज्या चौकशीवर परवान्याची सगळी मदार, तीच पोलिसाच्या बाबतीत अशी लुळी पडते. म्हणून ‘आमची चौकशी आधीच झालेली असते’ हे पोलिसांचं म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. भरतीच्या वेळी झालेली चारित्र्य पडताळणी वीस-एकवीस वर्षांच्या पोराची असते. पंधरा वर्षं जागरणं, बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा आणि साहेबांच्या शिव्या खाऊन झाल्यावर तोच माणूस कसा आहे, हे त्या कागदाला ठाऊक नसतं.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही पोलिसावर अविश्वास दाखवताय. जुलै २०२३ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. २४ तारखेला पुण्यात बाणेरला, घरी आलेल्या एका सहायक पोलीस आयुक्ताने पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घातल्या आणि स्वतःला संपवलं. ३१ तारखेला पहाटे जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी अशा चौघांना मारलं, तेही ड्युटीवरच्या सरकारी हत्याराने. सरकारी हत्यार म्हणजे सगळं सुरक्षित, असं मी म्हणतच नाही. पण सरकारी हत्याराला निदान एक दोरी असते. ते कोणाच्या नावावर, कधी दिलं, किती गोळ्यांसह दिलं, परत कधी आलं, याची रोजची नोंद असते. माणूस बिघडतोय असं वरिष्ठाला वाटलं तर तो एका तोंडी हुकुमाने हत्यार काढून घेऊ शकतो. खाजगी पिस्तूल घरच्या कपाटात असतं आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्यापासून धोका त्याच्याच खिशात.

आता निलंबनाचं घ्या. एखाद्या पोलिसावर मारहाणीचा नाहीतर बायकोच्या छळाचा गुन्हा नोंदला गेला आणि तो निलंबित झाला, की त्याच दिवशी त्याचं ओळखपत्र आणि सरकारी हत्यार जमा होतं. खाजगी रिव्हॉल्व्हर? तिची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, निलंबनाची फाईल अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेत. दोन्ही कार्यालयं एकाच शहरात, पण एका फाईलीने दुसरीला आपणहून हाक मारायची पद्धत नाही. कलम १७ प्रमाणे सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता धोक्यात येत असेल तर परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे. तो वापरायचा तर कोणीतरी आधी कळवायला हवं, आणि कळवणार कोण, तर पुन्हा तेच खातं. मला विचाराल तर अख्ख्या विषयात सगळ्यात तातडीची दुरुस्ती हीच आहे. निलंबनाच्या आदेशाची एक प्रत त्याच दिवशी गृह शाखेला जावी, आणि निर्णय होईपर्यंत खाजगी हत्यार जमा व्हावं. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांची हत्यारं छाननी समितीच्या निर्णयाने जमा करून घेतोच की आपण! महिनाभर व्यापाऱ्याची बंदूक जमा करताना ज्या यंत्रणेचा हात थरथरत नाही, तिने निलंबित पोलिसाच्या बाबतीत संकोच करू नये.

अमेरिका हा बंदुकांचा देश. तिथे पोलिसाला कामावर नसतानाही, आणि निवृत्तीनंतरसुद्धा, ठरावीक अटींवर देशभर हत्यार लपवून बाळगता येतं; २००४ चा खास कायदा आहे तसा. आपले सवलतवाले हा दाखला हमखास देतात. पण त्याच अमेरिकेत १९९६ पासून असाही कायदा आहे, की घरातल्या माणसावर हात उगारल्याचा साधा गुन्हा जरी सिद्ध झाला, तरी बंदूक बाळगता येत नाही. आणि त्यात पोलिसाला सूट नाही. सरकारी पिस्तूलही त्याला धरता येत नाही, म्हणजे व्यवहारात नोकरीच जाते. आणखी एक खटला सांगण्यासारखा आहे. व्हर्जिनियातल्या अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाने २००९ मध्ये आपल्या काकासाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. का, तर दुकानदार पोलिसांना किमतीत सवलत देतो म्हणून. फॉर्मवर खरा खरेदीदार मीच, अशी खूण केली. काकाला स्वतः बंदूक घ्यायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. तरीही २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम केली. किमतीतली एक किरकोळ सवलत दिली, तर तिचा असा उपयोग झाला. आपल्याकडे तर काका, मामा, साडू, साडूचा मित्र अशी रांग लागेल.

आपल्याकडे पिस्तूल घेण्याची कारणंही सगळी जिवाच्या भीतीची नसतात, हे मोकळेपणाने बोललं पाहिजे. पारोळ्याकडच्या एका लग्नात पाहिलेलं सांगतो. वरात दारात आलेली, डीजे थांबलेला, आणि नवऱ्याच्या नात्यातले एक पोलीस भाऊ सफारीत मांडवात बसलेले. सफारी मुद्दाम जरा वर सरकलेली, म्हणजे पट्ट्यातलं कव्हर दिसावं. एक आठ-दहा वर्षांचं पोरगं जवळ जाऊन विचारतं, “काका, हाई सरकारनं शे का तुमनं?” भाऊ हसून म्हणाले, “मनं!” म्हणजे माझं. त्या ‘मनं’मध्ये जो रुबाब होता तो जीव राखण्याच्या गरजेतून येत नाही. लग्नात त्यांनी गोळी झाडली नाही हे सांगायलाच हवं. झाडली असती तर २०१९ पासून आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मिरवणं हे कारण कोणी अर्जात लिहीत नाही. तिथे ‘जीवितास धोका’ असंच लिहिलेलं असतं. खोटी भीती आणि खरी भीती एकाच वाक्यात येत असतील, तर त्यातली निवड करायला बाहेरचे डोळे लागतात.

आणि खरी भीती आहे, हे मी नाकारत नाही. स्थानिक गुन्हे शाखेत उमर्टीच्या रस्त्यावर सापळे लावणारा माणूस चोपड्यातच भाड्याच्या घरात राहतो, त्याची पोरं त्याच शाळेत जातात जिथे जामिनावर सुटलेल्याचीही जातात. पळासनेरच्या नाक्यापासून सेंधव्याच्या घाटापर्यंत रात्री गाड्या तपासणाऱ्याला ड्युटी संपल्यावर कोणी ओळखणारच नाही, असं थोडंच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ म्हणतं, पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. ठीक. सदैव कर्तव्यावर असेल तर त्याचं संरक्षणही सदैव सरकारची जबाबदारी झाली. रजा नाकारताना कलम २८ आठवतं आणि हत्यार देताना शिफ्ट आठवते, हे चालणार नाही. धमकी आलेल्या अंमलदाराची लेखी नोंद घ्यावी आणि ठरावीक काळासाठी सरकारी पिस्तूल त्याच्याकडे घरीही ठेवू द्यावं. मुदत संपली की फेरविचार. यात परवान्याचा प्रश्नच येत नाही, पैशाचा येत नाही, आणि नोंदवहीची दोरीही सुटत नाही.

यात एक साधी व्यवहाराची गोष्टही आहे, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पोलिसाच्या सरावाचं पिस्तूल ९ एमएमचं. सर्वसाधारण परवान्यावर ते मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. म्हणून पोलीस विकत घेतो ते बहुधा .३२. म्हणजे हात बसलाय एका हत्यारावर आणि संकटात काढायचं दुसरंच, ज्यातून त्याने घेताना चार गोळ्या झाडल्या असतील तर असतील. सरकारी फायरिंगला ते न्यायचं नाही, आणि खाजगी गोळ्या सरावात उडवायला कोणाला परवडतात? ‘मला बंदूक चालवता येते’ हा सवलतीसाठीचा मुख्य मुद्दा इथेच अर्धा गळून पडतो. गंमत म्हणजे भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलीच्या गोळ्या तयार होतात. देशभर जातात. गोळ्यांचा कारखाना पंचक्रोशीत असताना आपल्या जिल्ह्यातल्या शिपायाला वर्षाकाठी एकदा फायरिंगला नेलं की कर्तव्य संपलं असं खात्याला वाटतं. पोलिसांच्या संघटना नाहीत म्हणून ते बोलत नाहीत, पण मागायचंच असेल तर त्यांच्या वतीने आपण हे मागावं: जास्त सराव, जास्त गोळ्या, चांगली जॅकेटं आणि रात्रीच्या कारवाईला पुरेशी माणसं. उमर्टीत जमाव चालून आला तेव्हा कमी पडली होती ती माणसं. कोणाच्या कपाटात .३२ असती तर तिथे काय फरक पडला असता?

एका ठिकाणी मात्र मी पोलिसांच्या बाजूने उभा आहे, आणि तो म्हणजे निवृत्त पोलीस. नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी हार-तुरे, फेटा, ग्रुप फोटो आणि हत्यार जमा. त्याने ज्यांना आत टाकलं ते मात्र निवृत्त होत नाहीत. जन्मठेपेतून सुटून आलेला माणूस पहिल्यांदा कोणाला शोधेल, सांगता येत नाही. या माणसाला सरकारी पिस्तूल देता येत नाही, कारण तो सरकारचा राहिलेला नाही. त्याच्यासाठी खाजगी परवाना हाच मार्ग आहे, आणि नियमात त्याचा उल्लेख आहेच. त्याचा अर्ज महिनोन्‌महिने गृह शाखेत पडून राहतो तेव्हा तो अन्यायच असतो. त्याने कोणते गुन्हे तपासले, कोणाला शिक्षा झाली, कोण कधी सुटणार हे सगळं सरकारच्याच दप्तरात आहे. त्याला ‘धोका सिद्ध करा’ म्हणणं म्हणजे आपलीच फाईल त्याच्याकडून मागणं. तेव्हा निवृत्ताचा अर्ज लवकर निकाली काढा. मात्र चौकशी त्याचीही बाहेरच्यानेच करावी.

बाहेरचा म्हणजे कोण, हा प्रश्न राहिला. त्यासाठी दिल्लीत कायदा बदलायला जायला नको. कलम १३ ठाण्याचा अहवाल मागवायला सांगतं, पण त्याच कलमात परवाना देणाऱ्याला आवश्यक वाटेल ती आणखी चौकशी करायचीही मुभा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी ठाण्याच्या अहवालासोबत प्रांताधिकाऱ्यांचा स्वतंत्र अहवाल मागवावा. प्रांताने अर्जदाराच्या घरच्यांशी, विशेषतः बायकोशी, तो घरात नसताना बोलावं. शक्य तर महिला अधिकारी पाठवावी. खात्याला आपला अहवाल द्यायचाच असेल तर तो त्याच जिल्ह्याचा नको. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही नाशिक परिक्षेत्रात येतात. विशेष पोलीस महानिरीक्षकांनी एक परिपत्रक काढावं, की जळगावच्या पोलिसाची चौकशी धुळ्याने करावी, धुळ्याची नंदुरबारने, नंदुरबारची जळगावने. प्रांताकडे आधीच हजार कामं आहेत, पाणीटंचाई आहे, पंचनामे आहेत, हे खरं. पण पिस्तुलाचे अर्ज काही दाखल्यांसारखे रोज शेकड्याने येत नाहीत.

आणि एखाद्या पोलिसाला नकार मिळालाच, तर त्याच्यावर अन्याय झाला असं समजायचं कारण नाही. नकाराची कारणं लेखी द्यावी लागतात, ती त्याने मागून घ्यावीत. पटली नाहीत तर कलम १८ खाली नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. केळीवाला शेतकरीही तिथेच जातो.